म्हातारपण किती आणि अंथरूण किती?

वसई रोड स्टेशनवरून पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराच्या दिशेने जाताना सातिवली लागते. आज तिथे औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आणि मालाचे टेम्पो दिसतात. माझी आत्या लग्न होऊन तिथे गेली, तेव्हा भातशेती होती, विहिरीचे पाणी होते आणि डोक्यावरून आणायचा सरपणाचा भारा होता. वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत आत्या जमिनीवर बसून भाजी निवडत असे आणि कशाचाही आधार न घेता उठत असे.

एका पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. आठवड्याभरात ताप उतरला, पण घरच्यांनी तिला आणखी दोन आठवडे खाटेवरून उतरू दिले नाही. "आयुष्यभर राबलीस, आता आराम कर," असे सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. त्या काळात मी प्रयोगशाळेत उंदरांच्या स्नायूंवर काम करीत होते. उंदराच्या मागच्या पायांवरचा भार काढून घेतला की थोड्याच दिवसांत त्या पायांचे स्नायू झिजतात, हे मी रोज पाहत होते. तरीही आत्याला मात्र पडून राहायला सांगितले. तीन आठवड्यांनी ती उठायला गेली, तेव्हा पाय थरथरू लागले आणि ती पुन्हा खाटेवर बसली. "वय झालं हो," घरातले कोणीतरी म्हणाले आणि विषय संपला.

तो तसा संपायला नको होता. तीन आठवड्यांपूर्वी चालणारी बाई तीन आठवड्यांत काही वीस वर्षांनी म्हातारी होत नाही. मग तिच्या अशक्तपणात वयाचा वाटा किती आणि अंथरुणाचा किती? हा प्रश्न वैद्यकात पुष्कळ उशिरा विचारला गेला आणि त्याचे नीट उत्तर मिळायला १९९० साल उजाडावे लागले. त्या उत्तराचा हा इतिहास.

विश्रांतीचा दबदबा

आजारी माणसाने पडून राहावे, हा सल्ला फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात त्याला शास्त्राचे पाठबळ मिळाले. जॉन हिल्टन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६३ साली आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात विश्रांती हा निसर्गाचा सर्वांत मोठा उपचार असल्याचे मांडले. मोडलेल्या हाडाला किंवा सुजलेल्या सांध्याला ते बरेचसे लागूही पडते. परंतु एका अवयवाला द्यायची विश्रांती हळूहळू सगळ्या माणसालाच दिली जाऊ लागली. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे बिछान्यात खिळवून ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर होती.

या पद्धतीविरुद्ध एक खणखणीत आवाज १९४७ साली उठला. रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणावर पडून राहण्याचे धोके सांगणारा एक लेख लिहिला. रक्ताच्या गुठळ्या, त्वचेवरील जखमा, ठिसूळ होणारी हाडे, आखडणारे सांधे, झिजणारे स्नायू आणि खचणारे मन, अशी अवयवागणिक यादीच त्याने दिली. पुढे १९५२ साली सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी हृदयविकाराच्या रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. त्या काळी हे मोठेच धाडस होते.

अंथरुणाची किंमत आकड्यांत मोजली ती १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवले. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे आधी आणि नंतर मोजले. या तीन आठवड्यांत त्यांची ही क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. याच पाच जणांची तीस वर्षांनी, म्हणजे पन्नाशीत, पुन्हा तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची जेवढी क्षमता कमी झाली होती, त्याहून अधिक ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांत कमी झाली होती!

म्हाताऱ्या माणसाला हा सौदा आणखी महाग पडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सरासरी सुमारे एक किलो मांस घटले. आत्याचे पाय का थरथरले, हे यावरून कळते.

आपल्याकडची तालीम

आपल्याकडे व्यायामाची परंपरा मोठी आहे. गावोगावच्या मारुतीच्या देवळांशेजारी तालमी होत्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ सालापासूनचे. पण ही परंपरा तरुणांची होती. म्हाताऱ्याने तालमीच्या ओट्यावर बसून पोरांच्या कुस्त्या पाहाव्यात, माळ ओढावी, असाच संकेत होता. पिकल्या पानाला कोणी दंड-बैठका काढायला सांगत नसे.

हा संकेत मोडणाऱ्यांत औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे नाव आधी घ्यावे लागेल. १८६८ साली जन्मलेल्या भवानरावांनी सूर्यनमस्काराचा प्रसार संस्थानातल्या शाळांमधून केला आणि उतारवयातही स्वतःचा परिपाठ चालू ठेवला. त्यांच्या सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तकाची एक आवृत्ती १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांनी नमस्कार घालावेत, हे त्यांचे सांगणे होते आणि त्याचा पुरावा म्हणून ते स्वतःची प्रकृती पुढे करीत.

स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, पुढचे पाऊल टाकले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून त्यांनी आसने व प्राणायाम यांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या यंत्रांनी तपासायला घेतले. 'योगमीमांसा' हे नियतकालिकही त्याच साली निघाले. व्यायामाविषयी बोलताना मोजमाप दाखवावे लागते, ही शिस्त आपल्याकडे त्यांनी आणली.

तिसरे नाव बी. के. एस. अय्यंगार यांचे. १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेला हा मुलगा लहानपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेला होता. १९३७ साली तो पुण्याला डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी आला आणि पुण्याचाच झाला. बेल्जियमची राजमाता एलिझाबेथ हिने ऐंशी ओलांडल्यावर अय्यंगारांकडून शीर्षासन शिकून घेतले, ही गोष्ट तेव्हा फार गाजली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ज्याला वाकता येत नाही, त्याच्यासाठी अय्यंगारांनी खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि भिंत यांचा आधार वापरला. शरीर आसनाला पुरे पडत नसेल, तर आसन शरीरापर्यंत आणावे, हा विचार त्यामागे होता. २०१४ साली पंचाण्णवाव्या वर्षी निधन होण्याच्या थोडे आधीपर्यंत ते स्वतः आसने करीत होते.

दरम्यान मुंबईत आणखी एक प्रवाह सुरू झाला होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. पाठोपाठ १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था उभी राहिली. या कामामागे पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचा प्रश्न होता. लुळा पाय मोजून-मापून व्यायाम देऊन पुन्हा कामाला लावता येतो, हे ज्ञान मुंबईत होते. मात्र वार्धक्याने दुबळा झालेला पाय या यादीत सहसा नसे. तो आजार नव्हे, ते वय, अशीच समजूत होती.

इथे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक भेद अवश्य दाखवावा. भवानरावांची प्रकृती, राजमातेचे शीर्षासन, अय्यंगारांची पंचाण्णव वर्षे हे सारे दाखले आहेत. दाखल्याने उमेद येते, पण सिद्धता होत नाही. ही माणसे व्यायामामुळे धडधाकट राहिली की मुळात धडधाकट होती म्हणून व्यायाम करू शकली? एका माणसाकडे पाहून हे सांगता येत नाही. शिवाय ही सगळी म्हातारपणीही सशक्त असलेली माणसे. ज्याला खुर्चीवरून उठता येत नाही, त्याचे काय?

नव्वदीतले वजन

१९८०च्या दशकात या प्रश्नाला तोंड फुटले. वॉल्टर फ्रोंटेरा आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली बोस्टन येथील एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात साठ ते बहात्तर वर्षांच्या पुरुषांकडून बारा आठवडे जड वजने उचलून घेतली होती. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली. तोपर्यंत म्हाताऱ्यांना व्यायाम द्यायचा तो हलका, हातवारे केल्यासारखा, असा प्रघात होता आणि त्याचा परिणामही तेवढाच हलका दिसे. व्यायामाने ताकद वाढायची तर भार पुरेसा हवा आणि ताकद वाढेल तसा तोही वाढवत न्यायला हवा. वासरू रोज खांद्यावर घेऊन चालणाऱ्या आणि ते बैल होईपर्यंत न थांबणाऱ्या मिलो या ग्रीक मल्लाच्या दंतकथेत हेच तत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना थॉमस डिलॉर्म या अमेरिकन डॉक्टरने १९४५च्या सुमारास त्याला वैद्यकात आणले.

बोस्टनच्याच मारिया फियाटारोन या डॉक्टर बाईंनी हे तत्त्व आणखी पुढे नेले. त्यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयातील मैलाचा दगड आहे. वृद्धांच्या एका शुश्रूषागृहातले दहा रहिवासी त्यांनी निवडले. सरासरी वय नव्वद. सगळेच अशक्त. एकदा जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ऐंशी टक्के वजन, गुडघा सरळ करून पायाने उचलायचे. आठवड्यातून तीन दिवस, असे आठ आठवडे.

नऊ जणांनी प्रयोग पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. विद्यार्थ्यांना हा आकडा फोडून सांगावा. आधी दहा किलो उचलणारा पाय आता सत्तावीस किलो उचलू लागला, असा त्याचा अर्थ होतो. दोघांनी चालताना काठी सोडली. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एकाला तसे उठता येऊ लागले.

पण या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कोणी लक्ष दिले, बोलायला माणूस आला, म्हणूनही म्हातारी माणसे हुशारतात. ही शंका फेडण्यासाठी फियाटारोन यांनी शंभर जणांचा प्रयोग केला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय सत्त्याऐंशी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एकाला फक्त व्यायाम, दुसऱ्याला फक्त पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. व्यायाम न करणाऱ्यांनाही इतर उपक्रमांत गुंतवले होते. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली होती, इतरांची ३ टक्क्यांनी. चालण्याचा वेग एका बाजूला सुमारे १२ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या बाजूला १ टक्क्याने घटला. जिना चढण्याची ताकद २८ टक्क्यांनी वाढली, तर इतरांची ४ टक्क्यांच्या आतच राहिली. नुसत्या पौष्टिक पेयाने मात्र अशक्तपणा कमी झाला नाही. आजी-आजोबांना टॉनिकची बाटली आणून देऊन निश्चिंत होणाऱ्या आपण सर्वांनीच हा शेवटचा निष्कर्ष लक्षात ठेवावा. याचा अर्थ आहार बिनमहत्त्वाचा असा मात्र नाही. स्नायू प्रथिनांचेच बनतात, तेव्हा डाळ, दूध, अंडी ताटात हवीतच. पण स्नायूंना काम दिले नाही, तर नुसत्या खाऊने ते वाढत नाहीत.

ताकद कुठून येते?

१९९०च्या प्रयोगातील आणखी एक आकडा विचार करायला लावणारा आहे. ताकद १७४ टक्क्यांनी वाढली, पण मांडीच्या स्नायूंचा आडवा छेद वाढला तो फक्त ९ टक्क्यांनी. उरलेली ताकद आली कुठून?

स्नायू हा अनेक तंतूंचा जुडगा असतो. मज्जारज्जूतून निघालेली एकेक चेतापेशी या तंतूंच्या एकेका गटाला हुकूम देते. वय वाढते तशा काही चेतापेशी मरतात, त्यांचे तंतू पोरके होतात. काही तंतूंना शेजारची चेतापेशी दत्तक घेते, उरलेले झिजून जातात. चटकन जोर लावणारे तंतू यात आधी बळी पडतात. म्हणूनच ठेच लागल्यावर तोल सावरायला लागणारी चपळाई म्हातारपणी आधी जाते. पन्नाशीनंतर स्नायूंचे वजन दरवर्षी साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटते आणि ताकद त्याहून वेगाने. या घटीला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. मांसाची वाण, असा त्या ग्रीक शब्दांचा अर्थ.

पण जे तंतू शिल्लक असतात, तेही सगळे कामाला लावले जात नाहीत. बसून राहिलेल्या माणसाचा मेंदू सगळ्या गटांना एकाच वेळी हाक मारण्याची सवय विसरतो. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत सुधारते ती मुख्यतः ही हाक. तंतू जाड होण्याचे काम सावकाश, मागाहून होते. म्हणजे नव्वदीच्या पायात ताकद होती, तिला कोणी बोलावत नव्हते. वयाने नेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. न वापरल्याने गेलेली ताकद मात्र बरीचशी परत मिळवता येते. म्हातारपण आणि अंथरूण यांची वाटणी ती ही अशी.

२००१ साली लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी जर्जरतेची पाच लक्षणे ठरवली. नकळत वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांतील तीन किंवा अधिक असतील तर माणूस जर्जर, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. 'वय झालं' या दोन शब्दांच्या जागी मोजता येतील अशा पाच गोष्टी आल्या. जे मोजता येते, त्यावर उपायही तपासता येतात.

उपायांना मर्यादाही आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या १६३५ जणांवर सरासरी अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ लक्ष ठेवले होते. नियमित व्यायाम करणाऱ्या गटात चालणे-फिरणे गमावलेल्यांचे प्रमाण ३०.१ टक्के होते. फक्त आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटात ते ३५.५ टक्के होते. फरक खरा आहे, पण चमत्कार नव्हे. पडण्याबाबत २०१९ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. व्यायामाने पडण्याचे प्रसंग सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले. आणि व्यायाम थांबला की लाभही ओसरतो. बोस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींनी व्यायाम सोडल्यावर चार आठवड्यांतच ३२ टक्के ताकद गमावली होती.

शाळेत काय करता येईल?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढची माणसे शेकडा जवळजवळ दहा होती. तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुलांना घरी किंवा शेजारी एखादे आजी-आजोबा भेटतीलच. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांपुढील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. तिच्यात हाताची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला. असेच लहानसे मोजमाप नववी-दहावीचे विद्यार्थी करू शकतील.

भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्यावी. हात छातीशी बांधून पाच वेळा उभे राहायचे आणि बसायचे. मनगटी घड्याळावर सेकंद मोजावेत. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवल्याप्रमाणे बारा किंवा अधिक सेकंद लागत असतील, तर पायांची ताकद कमी झाल्याची ती खूण समजावी. शेजारी एक मोठे माणूस उभे हवेच. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, छातीत दुखणाऱ्या किंवा घेरी येणाऱ्या व्यक्तीला ही चाचणी देऊ नये.

सगळ्या वर्गाचे आकडे आलेखावर मांडावेत. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर सेकंद. ठिपके एका सरळ रेषेत पडणार नाहीत, चांगलेच विखुरतील. एकाच वयाची दोन माणसे किती वेगळी असू शकतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग विचारावे, यांतली कोणती माणसे अजून जमिनीवर बसून जेवतात, बाजाराला पायी जातात? आणि लगेच पुढचा प्रश्न: ती चालतात म्हणून सशक्त आहेत, की सशक्त आहेत म्हणून चालतात? आलेख याचे उत्तर देणार नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात, हे मुलांना कळले म्हणजे तास सार्थकी लागला.

आत्याची गोष्ट राहिली. दोन महिन्यांनी एक भौतिकोपचार करणारी मुलगी तिच्याकडे येऊ लागली. "आजी, हात न टेकता उठा," हाच तिचा पहिला धडा. "आता मला उठवून काय करायचंय गं?" असे म्हणत आत्या उठायला लागली. आधी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून, मग उशीशिवाय, मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून. तीन महिन्यांनी ती ओट्यावर येऊन बसली, पुढे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाऊ लागली. जमिनीवरून आधाराशिवाय उठणे काही पुन्हा जमले नाही. पुढच्या पावसाळ्यात सराव तुटला आणि पाय पुन्हा जड झाले. सराव सुरू झाला, तसे हलकेही झाले.

माझ्या आत्याचा हा एक दाखलाच आहे, सिद्धता नव्हे. सिद्धता बोस्टनच्या आकड्यांत आहे. पण ते आकडे वाचल्यापासून घरातल्या कोणाही म्हाताऱ्या माणसाला "आता आराम करा" असे म्हणताना मी थांबते. ताप उतरला आहे ना, हाड जुळले आहे ना, हे डॉक्टरांना विचारते आणि मग खुर्ची पुढे ओढते.